न झाडलेलं अंगण

आमच्या अनसिंगकडे माणूस लांब गावाला निघालं की त्याच्या मागं लगेच झाडत नाहीत. ते पोचेस्तोवर केरसुणी कोपऱ्यात. मेडशी काही लांब नव्हती. मावशीकडे मेडशीला निघालो की आम्ही कोपरा वळायच्या आत आईचा झाडू सुरू.

मी नुकतीच आठवीत गेले होते. सुरतेहून आलेला मामा परत जाताना मला दोन रोज मावशीकडे सोडणार होता. सोमवारी शाळा. रिबीन विसरली म्हणून थांब्यावरून पळत घरी आले, तर अंगणात पाला तसाच, आई उंबऱ्यावर बसलेली.

"माय, अजून झाडलं नाही? आळशी झाली तू!"

"झाडतो व. तू जाय, गाडी चुकंल."

मेडशीला यष्टी थांबली. मी पिशवी उचलली. मामा खिडकीबाहेरच पाहत होता.

"मामा, मेडशी आली."

"बस खाली. मामीले लेकरू झालं, हाताखाली कोणी पाह्यजे. सुरत पाह्यजो! मेडशीत काय ठेवलं?"

"अन् शाळा?"

"तुह्या मायले विचारूनच नेऊन राह्यलो."

गाडी हलली तेव्हा मला अंगणातला पाला आठवला.

मामीनं मला कधी उपाशी ठेवलं नाही. तिनंच शिवण शिकवलं, त्यावर माझा संसार उभा राहिला. हे उपकार खरेच. पण आठवीची पुस्तकं अनसिंगलाच राहिली. पुढे एकदा आईला विचारलं, तर म्हणाली, "खरं सांगतलं असतं, त गेली असती काय?"

"नाही."

"मंग?"

तोंडानं ती खोटं बोलली. झाडूनं मात्र तिला खोटं बोलता आलं नाही. रोजचं झाडणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. गेलेलं माणूस संध्याकाळी येणारच, असं धरून चालणं. त्या सकाळी आईनं तसं धरलं नव्हतं.

आता माझी मुलगी कामाला निघाली की मी तिच्या पाठोपाठ झाडू घेते.

"आई, हाकलतेस का मला?" ती हसते.

मीही हसते, अन् दारापासून फाटकापर्यंत झाडत जाते. मग दिवसभर सुईत दोरा ओवताना कान फाटकाकडे असतो.