गिऱ्हाइकाच्या बायकोसाठी खिडकी

माझ्या काकूची सगळी नोकरी बसस्थानकावरच्या तिकीट खिडकीत गेली. सुट्या पैशांवरून भांडणाऱ्याला ती त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीत उत्तर द्यायची, आणि रांग मोडणाऱ्याला जाळीच्या आतूनच असा दम भरायची की तो निमूट मागे जाऊन उभा राहायचा. सगळे तिला खिडकीवाल्या बाई म्हणायचे. आणि या खिडकीवाल्या बाईंच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. दिवसभर लोकांची तोंडं बघायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रांधायचं.

लग्न होऊन आली त्याच वर्षी तिने काकांना सांगितलं होतं, इथे एक खिडकी काढून घेऊ. उन्हाळ्यात जीव नकोसा व्हायचा, धुराने डोळे चुरचुरायचे. काका म्हणाले, "भिंत भाराची आहे. हात लावलास तर वरचा मजला डोक्यावर येईल." काका कारखान्यात सुपरवायझर. त्यामुळे भिंतीतलंही त्यांनाच कळणार, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. काकूने विषय काढला की ते हेच ऐकवायचे, आणि पुढे पुढे तर पेपरातून डोकंही वर न काढता. टपकणारा नळ, अर्धंच उघडणारं कपाट, ओट्याची उखडलेली फरशी, सगळ्याला त्यांचं एकच उत्तर: "चालतंय ना?" चालत होतं, कारण काकू चालवून घेत होती.

मग काका निवृत्त झाले. गुडघे कुरकुरायला लागले, जिने नकोसे झाले. घर विकून मुलाच्या जवळपास तळमजल्यावर जागा घ्यायची असं ठरलं. काकूची ना नव्हती.

"जसं आहे तसं विकू," ती म्हणाली. "घेणारे आपल्या मनासारखं करून घेतील. त्यांच्या घरात आपली आवड कशाला?"

इतकं सरळ बोलणं, पण ऐकतो कोण! दलाल आला, त्याने स्वयंपाकघरात डोकं घातलं आणि बाहेर येऊन काकांना म्हणाला, "साहेब, आधी हे नीट करून घ्या. नवा ओटा, पांढऱ्या टाइल्स, आणि त्या भिंतीत मोठी खिडकी. घर नवरा बघतो, पण हो म्हणते ती बायको."

"अगदी बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले.

बरोबर आहे म्हणे! काकूला जन्मभर वाटाण्याच्या अक्षता, आणि ज्या बाईचा अजून चेहराही कुणी पाहिलेला नाही तिच्यासाठी खिडकी.

पुढच्याच आठवड्यात गवंडी आला. काकांनी आपली भाराची भिंत दाखवली. "भाराची कसली साहेब, नुसती विटांची आहे," म्हणत त्याने छिन्नी लावली. जेवणाच्या सुट्टीआधी भिंतीतून आभाळ दिसायला लागलं. वरचा मजला होता तिथेच राहिला. मी काकांकडे बघितलं, तर ते चौकटीला कुठला रंग बरा दिसेल ते विचारत होते. काकू दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "इथे ऊन येतं होय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरा कळस पुढेच होता. काम संपल्यावर दलालाने बजावलं की गिऱ्हाईक बघून जाईपर्यंत ओटा कोरा राहू द्या, तेलाचा शिंतोडा नको, कसला वास नको. काकांनी शेगडी उचलून मागच्या गॅलरीत नेऊन ठेवली. मी रविवारी गेले तेव्हा काकू तिथे वाळत घातलेल्या कपड्यांखाली वाकून, एक हात कमरेवर ठेवून कांदा परतत होती. आत नवं स्वयंपाकघर दुकानात मांडून ठेवल्यासारखं चकचकीत, रिकामं.

"काका, हे काय चालवलंय?"

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. तू यात पडू नकोस."

"खिडकी निघत होती तर काकू सांगत होती तेव्हा का नाही काढलीत?"

"तेव्हा काय उपयोग होता?"

ते मला चिडवत नव्हते, खरंच विचारत होते. माझ्या तोंडावर बरंच काही आलं होतं, पण काकूने नजरेनेच गप्प केलं. मग मला तिचाही राग आला. अख्ख्या बसस्थानकाला वठणीवर आणणारी ही बाई घरात मूग गिळून का बसते!

काही दिवसांनी एक जोडपं घर बघायला आलं. त्यातल्या बाईने ओट्यावरून हात फिरवला, खिडकी उघडून बघितली आणि हरखून गेली. काकूला म्हणाली, "उंची सोयीची आहे ना हो? स्वयंपाक करताना हवा येते का?"

"मला नाही माहीत," काकू म्हणाली. "मी इथे अजून चहासुद्धा केलेला नाही. मला परवानगी नाही."

"काकूंना चेष्टेची भारी सवय," दलाल घाईघाईने हसला. पण त्या बाईची नजर गॅलरीतल्या शेगडीवर गेली होती, आणि ती हसली नाही. तरी घर त्यांना पसंत पडलं. ताबा लवकर मिळाला तर बरं, असं सांगून ते गेले.

दार लागताच काका कडाडले, "चारचौघांत शोभा केलीस माझी!"

काकूने गॅलरीत जाऊन शेगडी उचलली आणि नव्या ओट्यावर आणून ठेवली. मी सिलिंडर आत ओढला.

"अगं, डाग पडतील!"

"पडू देत."

"घर विकायचंय ना आपल्याला?"

"विकायचंय. घर दोघांच्या नावावर आहे, मी सहीही करीन. पण आधी वर्षभर मी इथे स्वयंपाक करणार. मग सही."

काकांनी कपाळाला हात लावला. गुडघ्यांचं दुखणं पुढे करून झालं, दलालाची भीती घालून झाली. शेवटी त्यांचा आवाज अगदी मऊ झाला. "अगं, एका स्वयंपाकघरासाठी वर्षभर कोण थांबतं?"

काकूने खिडकी सताड उघडली.

"मी थांबले ना," ती म्हणाली.