घोडेमानचा डोळा

तीन पायांवर बसवलेली सागवानी फळी, नेम धरायची पितळी पट्टी, दर मीटरला गाठ मारलेली पन्नास मीटर दोरी आणि बांबूचा मापदंड. सगळं सिंदीच्या घरी, छपरीत बसून माझ्या हाताने केलेलं. नकाशे काढायला मला कुणी शिकवलं नाही. पवनारला धाम नदीतले दगड याच सामानाने मोजले, तेव्हाच ठरवलं की आता समुद्रातलं एखादं टोक.

"समुद्र पाहाले चालले का मोजाले?" बायकोने विचारलं.

"दोन्ही."

"मंग पहिले पाहून घेजा."

ऐकायला हवं होतं.

वर्ध्याहून कोल्हापूरची गाडी. पुरता एक दिवस जातो. पुढे एसटीने गगनबावड्याचा घाट उतरून देवगड, तिथून रिक्षा. घरगुती खोली, जेवणासकट दिवसाला नऊशे. बांगड्याचं तिखलं झकास, पण एवढं तिखट आमच्याकडे लेकरं खातात.

टोकाचं नाव घोडेमान. वर जांभ्याचा सपाट सडा, मग एकदम कडा, खाली काळे खडक. उंची माझ्या मापाने एकेचाळीस मीटर. कड्याच्या शेवटी आरपार भोक, त्याला म्हणे घोड्याचा डोळा. दोन दिवस सडा पालथा घातला. ना मान, ना घोडा. वहीत लिहिलं: 'नाव निराधार.'

खोलीमालकाचे थोरले भाऊ जनू तांडेल, सत्तरी ओलांडूनही स्वतःची होडी चालवतात. वही पाहून हसलेच. "सड्यार उभे रवान घोडो सोधतास? सकाळी होडयेत बसा."

सकाळी पाण्यावरून मागे वळून पाहिलं. अख्ख्या कड्याने मान खाली घातली होती. घोडा पाणी पीत होता आणि त्याच्या डोळ्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

"डोळो उघडो, म्हणजे वाट मोकळी," तांडेल म्हणाले. "मिटलो की खाली खडप. माका बापाशीन दाखवल्यान. माझे झील मुंबयक. मी गेल्यार ह्यां कोण सांगतलो?"

होडी जराशी सरकली आणि डोळा मिटला. पाण्याखाली काळा खडक होता, हेच खडप. त्यांनी शांतपणे सुकाणू वळवलं.

नदीतल्या दगडांना आम्ही काठावरून नावं देतो. तोच नियम मी इथे लावला होता. 'निराधार' खोडलं. मुक्काम दोन दिवस वाढवला. होडीत फळी उभी राहीना, मांडीवर कागद घेऊन काढलं. मोकळ्या वाटेची रेघ तांडेलांनी दोनदा खोडायला लावली. माझ्याहून काटेकोर माणूस भेटला! मूळ नकाशा त्यांच्या भिंतीवर आहे, नक्कल माझ्या छपरीत.

"पाह्यला का समुद्र?" बायकोने विचारलं.

"पाह्यला. पाण्यातून."

सड्यावर नवं रिसॉर्ट होतंय. त्याच्या मालकाचा फोन आला. दर्शनी भिंतीसाठी नकाशा हवा, पण खडप काढा, पाहुणे घाबरतात. आणि 'घोडेमान'च्या जागी 'सनसेट पॉइंट' लिहा. मी नाही म्हटलं. साठ हजार देत होते.