आत्ता आत काम चालू हाय

‘माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता’ हे वाक्य या पानावरच्या बहुतेक अनुभवांच्या सुरुवातीला असतं. ते वाचलं की मी पुढचं वाचत नसे. विश्वास नव्हता म्हणजे आता आहे, असंच ना? माझा आजही नाही. आमच्या घरात भूत, आत्मा, अंगात येणं यांना जागा नव्हती. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, आणि ती फक्त कागदावर नव्हती. त्यामुळे हे लिहिताना मला भीती वाटत नाही, राग येतो. हे घडायचंच होतं तर दुसऱ्या कुणाच्या घरात घडायचं. माझ्या बहिणीच्या खोलीत, तिच्या कॉम्प्युटरवर का?

लिहितोय ते एका सहकाऱ्यामुळे. मी नांदेडला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. त्याला विश्वासानं सगळं सांगितलं तर तो म्हणाला, “सर, आत्मा अडकला असंल ताईंचा. काहीतरी शांती करून घ्या.” आता हे तो दहा जणांना सांगणार. त्यापेक्षा जे झालं ते जसंच्या तसं मीच लिहिलेलं बरं.

माझी मोठी बहीण, अक्का. लातूरला एका पॉलिटेक्निकमध्ये प्रयोगशाळा सहायक होती. लग्न केलं नाही. औसा रोडला दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटी राहायची. गेल्या वर्षी मार्चमध्ये, निवृत्तीनंतर तीन वर्षांनी, ती गेली. नऊ दिवस दवाखान्यात होती, मी सोबत होतो. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

तिचा कॉम्प्युटर तिनं स्वतः जुळवलेला होता. कॅबिनेट एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्या, दोन हार्ड डिस्क तिसऱ्या. प्रत्येक केबलला दोऱ्यानं कागदाची चिठ्ठी बांधलेली... कुठून निघाली, कुठे जाते. दोन डिस्कवर तिनं दोन वेगळ्या सिस्टिम टाकल्या होत्या. विंडोज ‘जगासाठी’, म्हणजे बँक, फोटो, लोकांनी पाठवलेल्या फाइल. आणि लिनक्स स्वतःसाठी. चालू केला की आधी पाटी यायची – कुठे जायचं? ती पाटी उत्तर मिळेपर्यंत थांबून राहायची. कॅबिनेटवर तिच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला होता : ‘एकातून दुसऱ्यात गेल्यावर घड्याळ साडेपाच तास चुकलं तर घाबरू नये. दोघांची वेळेची समजूत वेगळी आहे.’ हे मुद्दाम सांगतो, कारण कुणीतरी लगेच लिहील की घड्याळाचा घोळ असणार. घड्याळाचा इथे काही संबंध नाही.

लिनक्समध्ये ती काय करायची, तर कॉम्प्युटर माणसाला जे संदेश दाखवतो त्यांचं मराठी. सहा वर्षं, फुकट. एक गट होता ऑनलाइन, तिथे शब्द पाठवायचे आणि कुणीतरी तपासून मंजूर करायचं. ‘आपण ही धारिका निष्कासित करू इच्छिता?’ असं तिथे आधी होतं. अक्कानं लिहिलं : ‘पुसू का?’ नामंजूर. शेरा : ‘ग्रामीण वळण टाळावे.’ डिस्क कामात असेल तर येणाऱ्या संदेशाला ‘साधन व्यस्त आहे’ असं होतं. त्यावर अक्का फोनवर मला म्हणाली होती, “सिद्धू, साधन व्यस्त हाय म्हणजे? त्याला काय कुणाच्या लग्नाला जायचंय का?” तिनं सुचवलं होतं : ‘आत काम चालू आहे.’ तेही नामंजूर. त्या तपासणाऱ्या गृहस्थांना मी कधी भेटलो नाही, भेटायची इच्छाही नाही.

ते वाक्य तिनं कुठून घेतलं हे फक्त मला माहीत होतं. देवणीला आम्ही एका खोलीत राहायचो. अक्का दहावीला होती तेव्हा दाराच्या कडीला माझी पाटी अडकवायची. त्यावर खडूनं : ‘आत काम चालू हाय.’ मी तिसरीत होतो, शहाणा होतो, ‘हाय’ खोडून ‘आहे’ करायचो. ती परत ‘हाय’ करायची. एकदा त्यावरून मार खाल्लाय मी.

जलदान विधी झाला. घरमालकाला खोल्या हव्या होत्या. उमरीहून भाऊचा, म्हणजे आमच्या थोरल्या भावाचा, फोन आला : “लोखंडाला काय कवटाळून बसलास? करुणाला देऊन टाक. पोरीला प्रोजेक्टला कामी येईल.” करुणा त्याची मुलगी, विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मी म्हटलं, “देतो. पण अक्काचं मराठीचं काम आधी काढून घेऊ दे.” त्या कामाची दुसरी प्रत नव्हती. मंजूर न झालेले शब्द तो गट ठेवत नाही. सहा वर्षांचं जे काही होतं ते लिनक्सच्या त्या एका डिस्कवर होतं.

रविवारी सकाळी करुणा लातूरला आली. मी आदल्या दिवशीच येऊन खोली झाडली होती. कॅबिनेटचं झाकण काढून आतली धूळही फडक्यानं पुसली होती, अक्का दर महिन्याला पुसायची तशी.

कॉम्प्युटर चालू केला. पाटी आलीच नाही, सरळ विंडोज. आणि तिथे एक संदेश : हा ड्राइव्ह वापरायचा तर आधी फॉरमॅट करावा लागेल, करू का?

“दाबू नका हां काका!” करुणा ओरडली. “ह्याला लिनक्सचं वाचता येत न्हाई. म्हणून रिकामं समजून राहिलाय.”

म्हणजे स्वतःला वाचता येत नाही म्हणून समोरचं रिकामं! आणि वर पुसू का म्हणून विचारतो. मला त्या तपासणाऱ्या गृहस्थांची आठवण झाली. करुणाला मी तसं म्हटलंही. ती हसली, “काका, मशीनवर कशाला चिडता? बिचारं विचारून तर राहिलंय. तुमचा तो माणूस विचारत पण नव्हता.”

पाटी का येत नव्हती ते तिनं पाच मिनिटांत शोधलं. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला होता, त्यामुळे आधी कुठे जायचं हे मशीन विसरलं होतं. खालच्या दुकानातून सेल आणला, सेटिंग केलं, पाटी आली. मला इतका आनंद झाला की मी चहा टाकला. पण लिनक्स निवडलं की थोडं पुढे जाऊन सगळं थांबायचं. डिस्क वाचता येत नाही. परत चालू, परत तेच.

करुणानं बॅगेतून पेनड्राइव्ह काढला. त्यावर दुसरं, कोरं लिनक्स होतं, इंग्रजीतलं. तिनं तीन दिवसांपूर्वी हॉस्टेलवर बनवलेलं. त्याचं चित्रांचं पान काही उघडेना, म्हणून ती नुसत्या काळ्या स्क्रीनवर अक्षरं टाइप करून काम करू लागली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या काळ्या स्क्रीनवर मराठी दिसत नाही. अक्काचं हे कायमचं रडगाणं होतं – मराठीच्या जागी तिथे नुसते चौकोन येतात. प्रत्येक अक्षराला एक, कान्याला एक, मात्रेला एक, हलन्तालाही एक.

दोन वाजले. लिनक्सची डिस्क यादीत कधी दिसायची, कधी गायब. उघडली तर एकदाही नाही. आमचं जेवण तसंच राहिलं.

“काका,” करुणा हळू आवाजात म्हणाली, “डिस्क गेली वाटतं हो. फॉरमॅट मारून बघते. चालली तर चालली.”

“आणि आतलं?”

“आतलं तसंही हाती लागून न्हाई राहिलं.”

मी म्हटलं, नांदेडला कुणाला तरी दाखवू. ती म्हणाली, “दाखवा. पण डाटा काढणारे लोक खात्री देत न्हाईत, आणि पुढच्या सोमवारी माझं प्रोजेक्ट हाय. साडेचारची गाडी हाय माझी.” तिचं चुकत नव्हतं. मी अक्काच्या खुर्चीवर बसलो. नऊ दिवसांत दवाखान्यातही मला असंच विचारलं गेलं होतं... काय करायचं ते सांगा. मी थकलो होतो. मी म्हणालो, “कर.”

तिनं आज्ञा टाइप केली. स्क्रीनवर इंग्रजीत प्रश्न आला, तरीही पुढे जायचं का? हो किंवा नाही. करुणानं हात मागे घेतला. “तुम्ही दाबा. मला न्हाई होत.”

मी ‘वाय’ दाबलं. एंटर दाबलं.

खाली एक ओळ आली. मराठीत. चौकोन नाहीत, नीट अक्षरं. काळ्यावर पांढरी, जोडाक्षरासकट.

करुणाचा हात तोंडाशी गेला. ती काही बोलणार इतक्यात मी म्हणालो, “बोलू नको. लिही.” हा अक्काचा नियम. प्रयोगशाळेत दोन मुलं एकच वाचन घेत असली तर आधी ज्यानं त्यानं आपापल्या कागदावर लिहायचं, मग बोलायचं. नाहीतर दुसरा पहिल्याचं ऐकून तेच बघतो. मी टेबलावरच्या अक्काच्या पॅडचे दोन कागद फाडून एक करुणाला दिला, एक मी घेतला. आम्ही पाठमोरे होऊन लिहिलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

मान वर केली तेव्हा स्क्रीनवर चौकोन होते.

करुणानं मोबाईलनं फोटो काढला. मग आम्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

माझा : ‘आत्ता आत काम चालू आहे.’

तिचा : ‘आत्ता आत काम चालू हाय.’

“काका, हे कुणाचं वाक्य हाय?” तिनं विचारलं. पाटीची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. अक्कानं सांगितली होती का, मी विचारलं. “न्हाई. आत्या फोनवर नुसतं ‘बोल गं’ म्हणायची.”

पुढचं भराभर झालं. करुणानं आज्ञा पुन्हा देऊन पाहिली नाही. “आत म्हणतंय तर आत बघू,” म्हणत तिनं मशीन बंद केलं, झाकण काढलं आणि लिनक्सच्या डिस्कची केबल बोटानं दाबली. कट्ट असा आवाज झाला. सैल होती. “अगं बाई! केबल तर पहिल्यांदा बघायची असती! आत्या असती तर कानाखाली वाजवली असती माझ्या...” केबल सैल कुणी केली ते मला कळलं. आदल्या दिवशीचं फडकं माझंच होतं.

या वेळी लिनक्स उघडलं. फॉरमॅट झालंच नव्हतं; आत तिचं सगळं होतं, एक शब्द गेला नव्हता. आम्ही ते तीन ठिकाणी उतरवून घेतलं. करुणाची साडेचारची गाडी चुकली.

आता तुमचे प्रश्न. मी सगळे स्वतःला विचारून झालेत. ते वाक्य डिस्कवर होतं आणि तिथून स्क्रीनवर आलं? करुणानं अक्काच्या सगळ्या फाइलींमध्ये शोध घेतला. ‘आत काम चालू आहे’ दोनदा सापडलं, अक्कानं पाठवलेलं आणि नामंजूर होऊन आलेलं. ‘आत्ता’ नाही. ‘हाय’ तर नाहीच, ती त्या गटाला प्रमाण मराठीतच लिहायची, तरी ते ग्रामीण ठरलं. पेनड्राइव्हवर मराठीचा फॉन्टच नव्हता. दोन दुःखी माणसांनी चौकोनांत हवं ते वाचलं? मग दोन कागदांवर चार शब्द तंतोतंत एक कसे? आणि फोटोतले चौकोन मोजा. गट असे आहेत : पाच, दोन, तीन, चार, तीन. अक्काच्या पद्धतीनं ‘आत्ता’ मोजा : आ, त, हलन्त, त, काना. पाच. ‘आत’ दोन, ‘काम’ तीन, ‘चालू’ चार. शेवटच्या शब्दाला ‘हाय’ घ्या नाहीतर ‘आहे’ घ्या, तीनच होतात.

म्हणजे फोटो आमच्यात निकाल देत नाही. पण मला निकाल माहीत आहे. करुणाला त्या पाटीची काही खबर नव्हती, तिनं दिसलं ते लिहिलं. मी तिसरीतल्यासारखाच ‘हाय’ वाचला आणि हातानं ‘आहे’ लिहिला. त्या तपासणाऱ्या गृहस्थांवर मी वर्षभर चिडलेलो आहे, आणि आयुष्यातल्या एकमेव अशा क्षणी मीही त्यांचंच काम केलं.

आत्मा वगैरे कुणी लिहू नये, ही विनंती. अक्का मानत नव्हती, मी मानत नाही. केबल सैल होती म्हणून डिस्क वाचली जात नव्हती, हे कळतं. ती ओळ कुठून आली ते कळत नाही. विज्ञान शिकलेल्या दोघातिघांना दाखवलं, त्यांनी खांदे उडवले. मी त्यांच्यावरही चिडलो.

कॉम्प्युटर करुणाकडे आहे. लिनक्सची डिस्क तिनं तशीच ठेवली आहे, हात लावत नाही. दोन्ही कागद माझ्याकडे, एका पाकिटात. माझ्या कागदावरचा ‘आहे’ खोडून ‘हाय’ करावं असं फार वाटतं. करत नाही. घेतलेलं वाचन नंतर बदलायचं नसतं, हाही तिचाच नियम.