दोन दारांच्या सराया

पृथ्वीच्या पाठीवर सर्वांत जास्त दारूगुत्ते ज्यांनी उभे केले आणि तरी एकाही गुत्त्याची पायरी जे कधी चढले नाहीत, असे गृहस्थ एकच. ते म्हणजे माझ्या पत्नीचे मामा. विधान धाडसी आहे, म्हणून थोडा खुलासा करतो. मामांची नात पुण्यात नोकरी करते आणि दर रविवारी मित्रमैत्रिणींबरोबर संगणकावर एक खेळ खेळते. चार गावांतली मंडळी आपापल्या घरी बसून कुणी योद्धा होते, कुणी मांत्रिक. नात गोष्ट सांगते, आणि सगळ्यांच्या पडद्यावर एकच नकाशा पसरलेला असतो, ज्याच्या चौकोनांवरून सोंगट्या सरकतात. अशा गोष्टींचा आरंभ बहुधा एखाद्या जुन्या मद्यगृहात होतो. मामा त्याला 'सराई' म्हणतात, आणि त्या सरायांचे नकाशे तेच काढतात.

मामा पेशाने आरेखक. नोकरी नांदेडात सुरू झाली, भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला नव्या वसाहतींचे नकाशे काढायला बदली झाली, आणि निवृत्तीनंतर ते लातुरातच राहिले. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली शिकवणीवर्ग निघत होते. त्यांच्या टिपणांसाठी मामांनी हृदय, मूत्रपिंड आणि बेडकाची पचनसंस्था इतक्या वेळा काढली की एका जठराशेजारी हात सवयीने उत्तर दिशेचा बाण काढून मोकळा झाला. पुढे ते कामही संगणकाने घेतले. दोन वर्षे त्यांच्याकडे कुणी साधी रेघसुद्धा मागितली नाही, आणि त्या दोन वर्षांत मामा बोलायचेच कमी झाले. मग नातीने पहिली सराई मागितली. त्याच दुपारी घरातल्या सगळ्या पेन्सिलींना टोके निघाली.

मी आयुष्यभर भूमिती शिकवली, तरी मामांइतका काटेकोर माणूस पाहिला नाही. खेळातला एक चौकोन पाच फुटांचा, एवढे समजताच त्यांनी पिंपाचा घेर नक्की करण्यासाठी आडतीवर जाऊन तेलाची पिंपे मोजली. मद्य विकायला ओटा लागतो असे नातीने सांगितले, तेव्हा त्यांनी रेशन दुकानासारखा ओटा काढून पुढे रांगेसाठी कठडाही घातला. दारात चपलांची जागा, कोपऱ्यात माठ आणि हात धुवायला मोरी नाही, अशी त्यांची एकही सराई नाही. कागदाला हात लावण्यापूर्वी ते ती सराई आम्ही दोघे राहतो त्या इमारतीच्या गच्चीवर खडूने खऱ्या मापात आखत आणि मला गिऱ्हाईक म्हणून आत बसवत. उतरत्या उन्हात, नसलेल्या बाकावर बसून मी नसलेल्या शेकोटीकडे पाहत असे. वारा लागला की नसलेल्या भिंतींची मला खरोखर ऊब वाटे.

एके दिवशी नातीचा फोन आला. "आजोबा, या वेळी एकच दार ठेवा हं. खलनायक बाहेरून कडी घालणार आहे. रविवारची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे."

"दोन असू दे की गं. एकाला कुलूप घाल."

"तुमच्या दोन दारांतून सगळे पळून जातात, आजोबा! लढाईच होत नाही. जमत नसेल तर सांगा, मी दुसऱ्या कुणाकडून करून घेते."

मामांनी "बघतो" म्हणून फोन ठेवला. सराई गेली तर मागे काय उरते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

संध्याकाळी त्यांनी गच्चीवर एकदारी सराई आखली आणि मला अगदी आतल्या खोलीत बसवले. "जावई, धूर झालाय. निघा." मी निघालो. रेषेवरून चालायचे नाही, हा नियम मी पाळला. बाहेर आलो तेव्हा मामा घड्याळ पाहत म्हणाले, "एकोणीस सेकंद."

"माझे गुडघे, मामा."

"म्हातारीला बी गुडघेच असत्यात." ते खाली बसले. मग हळूहळू सांगू लागले. "तिकडं किल्लारीला नव्या घराचा नकाशा दाखवायलो होतो. रांगेत एक म्हातारी म्हणली, सायेब, मागून बी एक दार द्या, आमच्या जुन्या घराला एकच होतं. मी म्हणलं, नमुना ठरलेला हाय, आजी. वरच्या सायबाला नुसतं इचारलं असतं तर काय बिघडलं असतं? इचारलंच न्हाई."

त्यांनी ओल्या फडक्याने मागची भिंत चार फूट पुसली, तिथे दार आखले आणि तोच नकाशा पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती. नातीचे उत्तरही आले नाही. शनिवारपर्यंत मामा फोन खिशात घेऊनच जेवत होते.

रविवारी संध्याकाळी आम्ही गच्चीवर असताना फोन वाजला. "आजोबा, दुसरा नकाशा मिळालाच नाही, तुमचाच घ्यावा लागला! खलनायकाने पुढच्या दाराला आग लावली, आणि या शहाण्यांनी त्याच्याशी लढायचं सोडून आतली माणसं मागच्या दाराने काढायला सुरुवात केली. आचारी, सारंगीवाला, घोड्यांचा लंगडा मोतद्दार, सगळे! तीन तास! तलवार कुणी उपसलीच नाही. आता म्हणतात, पुढची सराईसुद्धा आजोबांचीच पाहिजे."

मामांनी विचारले, "आत किती होते?"

"चौतीस."

"आन् भायेर?"

"चौतीस, आजोबा."

"समदे?"

"सगळेच्या सगळे."

"बरं," मामा म्हणाले, आणि फोन माझ्या हातात देऊन कठड्यापाशी गेले. खाली शिकवण्या सुटल्या होत्या. रस्ताभर सायकली आणि दप्तरे दाटली होती. मामा माझ्याकडे पाठ करून बराच वेळ त्या गर्दीकडे पाहत राहिले.

"आजोबा? ऐकताय ना?" नात विचारत होती.

"तुझे आजोबा कामात आहेत गं," मी म्हणालो.