फटी नसलेला डेक

आमच्या ह्यांनी आयुष्यभर कपाटं केली आणि एकाही कपाटाच्या सांध्यात केस जाईल एवढी फट राहू दिली नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. अशा माणसाशी संसार करून बघा म्हणजे कळेल. टेबलावर पेला जरा वाकडा ठेवला तर बोलता बोलता ते सरळ करतात. कुणाकडे गेलं तर चहा यायच्या आत त्यांच्या दाराची चौकट बोटाने चाचपून होते. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी कारखाना बंद केला. आता घरात जरा शांतता येईल, असं मला वाटलं. माझी अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.

होडी मुळात भाऊजींची, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाची. खाडीपलीकडे सामान नेण्यात त्यांची उमर गेली. मग एक दिवस डेकची कुजकी फळी पायाखाली मोडली, भाऊजी मांडीपर्यंत आत गेले आणि खुबा मोडून घेऊन आमच्याकडे राहायला आले. एकटा जीव, दुसरीकडे जाणार कुठे? होडी गोदीमागच्या आवारात ठोकळ्यांवर चढली.

"मोडून टाका तिला," भाऊजी म्हणाले. "डोळ्यांदेखत कुजताना मला बघवणार नाही."

जुन्या होड्या मोडणारा येऊन बघूनही गेला. माझ्या मते सगळं छान जमत आलं होतं. तेवढ्यात आमच्या ह्यांनी तोंड उघडलं.

"डेक मी नवा करतो."

"अरे, तू कपाटं करणारा."

"दादा, लाकूड ते लाकूड."

दोन्ही भाऊ एका मुशीतले, त्यामुळे वाद जेवणं झाली तरी संपेना. शेवटी असं ठरलं की डेक पुरा झाल्यावर भाऊजींनी डेकखालच्या खोलीतल्या आपल्या जुन्या बाकावर उताणं झोपायचं आणि ह्यांनी वरून पाणी ओतायचं. त्याच बाकावर भाऊजींच्या तोंडावर वर्षानुवर्षं पाणी गळलं होतं. एक थेंब जरी पडला तरी होडी मोडणाऱ्याला द्यायची. आणि निवाडा माझा.

"ही खोटं बोलत नाही," भाऊजी म्हणाले, "आणि होडीची हिला चीड आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

त्यानंतर माझ्या घराची जी दशा झाली ती विचारू नका. जिन्याखाली फळ्या, पलंगाखाली फळ्या, अंथरुणात भुसा. न्हाणीघरात टॉवेल घ्यायला हात घातला की हाताला रंधा लागायचा. हे सकाळी डबा घेऊन आवारात जायचे आणि संध्याकाळी डबा तसाच भरलेला परत आणायचे. विचारलं तर म्हणायचे, "आज एक फळी बसवली." एक. दिवसभरात.

भाऊजींनी सांगून पाहिलं होतं. "फळ्यांमध्ये पेन्सिलीएवढी फट ठेव. लाकूड पाणी पितं, त्याला फुगायला जागा लागते. फटीत कापूस ठोसायचा, वर डांबर ओतायचं."

"मी फट ठेवत नाही," हे म्हणाले. दुसरा कुणी 'मी दारू पीत नाही' म्हणेल त्या सुरात.

डेक झाला तेव्हा मात्र मीही बघत राहिले. सगळा डेक एकाच लाकडातून काढल्यासारखा दिसत होता. हे त्यावरून हात फिरवत होते आणि रोज सकाळी त्याला आंघोळ घालत होते. त्या आंघोळींनीच घात केला. सागाच्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या, जागा मिळेना म्हणून एकमेकींना रेटू लागल्या, आणि एका सकाळी डेकचा मधला भाग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वर उचलला गेला. खिळे उपटले गेले होते.

त्या दिवशी हे घरी येऊन खुर्चीत बसले. मी मुद्दाम पेला वाकडा ठेवला. त्यांनी सरळ केला नाही.

दोन दिवस असेच गेल्यावर ते भाऊजींच्या पलंगाशी जाऊन उभे राहिले. "दादा," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "पेन्सिल म्हणजे केवढी पेन्सिल?"

फळ्या उचलल्या, वाळवल्या, पुन्हा बसवल्या, आणि मग आमचे हे स्वतःच्याच सांध्यांवर करवत चालवायला बसले. प्रत्येक फटीला ह्यांचं तोंड असं, जणू भूल न देता दाढ काढताहेत. भाऊजी शेजारी स्टुलावर बसून कापसाचे पीळ वळत होते आणि "अजून रुंद, अजून" करत होते. डांबर माझ्या दुधाच्या पातेल्यात तापलं. मी बोलले, भरपूर बोलले, पण दोघांपैकी एकानेही मान वर केली नाही.

परीक्षेच्या दिवशी भाऊजी बाकावर उताणे झोपले आणि मी बॅटरी घेऊन उशाशी बसले. वर बादली रिकामी झाली.

"पडलं का?" वरून आवाज आला.

"नाही."

पुन्हा बादली, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. मला कंटाळा येऊ लागला होता. तेवढ्यात डोलकाठीच्या खांबाजवळच्या फटीत काहीतरी चमकलं, हळूहळू फुगलं आणि भाऊजींच्या कपाळावर पडलं.

भाऊजींनी ते पुसलं नाही. 'मोडून टाका' म्हणणारा हा माणूस श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होता.

वरची पावलं थांबली. "पडलं का गं?"

इतक्या वर्षांत ह्यांनी मला असं घाबरून कधी काही विचारलं नव्हतं. आणि मला ते सहन झालं नाही.

"कोरडं ठणठणीत आहे," मी ओरडले आणि बाहीने भाऊजींचं कपाळ पुसलं.

भाऊजींनी श्वास सोडला. मग हळूच म्हणाले, "खांबापासून तिसरी फट. तिथला कापूस उद्या परत ठोसायला सांग त्याला."

"काय म्हणून सांगू? गळत नाही म्हटलंय ना मी."

"सांग, ती फट जरा वाकडी दिसते. आजच काढेल."

वर बादली पुन्हा भरल्याचा आवाज आला. "खात्रीसाठी आणखी एक ओतू का?"

"नको," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.