विलायती मडमेचा मी विधुर

लग्न व्हायच्या आधीच मी विधुर झालो होतो, आणि ही बातमी मला पाहुण्यांकडून कळली.

एकाहत्तरच्या लढाईनंतरची गोष्ट. आमच्या पलटणीच्या मेसमधली जुनी चित्रं साहेबांनी मोडीत काढली. त्यातली एक पुरुषभर उंचीची तसबीर मी सुट्टीवर येताना कुंडलला घरी आणली. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा विलायती मडमेच्या चित्राची ती छापील नक्कल! टोपीत पिसं, झगा जमिनीवर लोळणारा, चेहऱ्यावर सगळ्या जगाचा कंटाळा. (एवढ्या कापडात गळ्यापाशी मात्र कापड कमी पडलं होतं.) ती मी सोप्यात, दारातून येताच दिसेल अशा भिंतीवर लावली.

आणि त्याच आठवड्यात कडेगावचे पाहुणे घर बघायला येणार होते! त्यांची मुलगी मी विश्रामबागेत मावसभावाच्या लग्नात पाहिली होती. मला ती मनापासून आवडली होती. हे स्थळ हुकलं असतं, तर मी पलटणीत रडत परतलो असतो.

"आरं, पाव्हण्यांफुडं ही उघडी बोडकी बाई?" आई कडाडली. चित्राला मोठा खिळा मारलेला, ते काही निघेना. टॉवेल लावला तर घसरला. शेवटी आईने शेतातल्या झेंडूचा जाडजूड हार करून मडमेच्या गळ्यात घातला. आणि हार घातल्यावर हात थांबतोय का? सवयीने उदबत्तीही लावली!

पाहुणे आले. मुलीचे वडील आणि तिची आत्या. वडिलांनी तसबीर पाहिली, टोपी काढली, हात जोडले. मग एकदम तापले.

"पोरगं बिजवर हाय, हे आदी सांगाया पायजे हुतं!"

"आवं, चित्र हाय ते!" आई म्हणाली.

"आमच्या आईचंबी चित्रच हाय भिंतीवर. वारल्यावर लावलंय."

माझे वडील मदतीला धावले. "पाव्हणं, तसं काय न्हाई! पोरानं पलटणीतनं आणलीया तिला!"

"आणलीया?" पाहुणे उभेच राहिले.

"म्हंजे साहेबांनी टाकून दिली हुती," मी घाईघाईने खुलासा केला, "म्हणून आणली!"

पाहुण्यांनी चपलेत पाय घातला. आत्याबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. चहाची बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "दादा, उगा तापू नगा. जरा त्या बाईकडं बगा, आन् मग ह्या पोराकडं बगा."

सगळ्यांनी बघितलं. मडमेकडे, माझ्याकडे, पुन्हा मडमेकडे. (आईनेसुद्धा!)

"ही बाई ह्याच्यासंगं नांदंल व्हय?"

पाहुण्यांचा चेहरा खुलला. "छ्या! कसं शक्य हाय?" त्यांनी पाय चपलेतून बाहेर काढला आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पाव्हणं, आमी चुकलो. तारीख कवाची धरायची?"

माझा आनंद गगनात मावेना. लोक साक्षीपुरावे देऊन निर्दोष सुटतात. मी निव्वळ थोबाडावर सुटलो!