फोटोखालचे 'अन्य मजदूर'

मंडळी, दुपारपासून माझं डोकं तापून राहिलं आहे.

रायपूरच्या जुन्या रेल्वे कारखान्याच्या इतिहासाचं प्रदर्शन लागलंय, म्हणून बाबांना घेऊन गेले. त्यांनी तिथे तीस वर्षं मालगाडीचे डबे दुरुस्त केले. एका फोटोत ते दिसले. खाली तीन साहेबांची नावं, आणि पुढे नुसतं 'अन्य मजदूर'.

बाबांनी बोट ठेवलं. "हा इकबाल, हा सुखराम, हा मी. आमची नावं काहून नाही टाकली?"

आयोजक म्हणाला, "अंकल, रिकॉर्ड में नहीं है."

"मग आता लिहून घ्या, सांगणारा समोर उभा आहे," मी म्हटलं.

"बाद में देखेंगे, दीदी."

मी पेन काढला. बाबा सांगत गेले आणि मी फोटोखाली अकरा नावं लिहिली. आम्हाला बाहेर काढलं.

उद्या ती नावं पुसतील. तुमच्या घरचं कुणी त्या कारखान्यात होतं का? मग चला सोबत, पुन्हा लिहू.